प्रतीक्षाच्या नावाची बाटली

धम्मशीलाताई लोकांची थुंकी विकते, असं गावात बोललं जातं.

आणि बोलणारे साधंसुधं बोलत नाहीत. महादेवरावांच्या केशकर्तनालयात ही गोष्ट निघाली की आधी वस्तरा हवेत थांबतो, मग आवाज खाली येतो, आणि महादेवराव नाकातून म्हणतात, "पुन्याच्या कंपनीले जाते म्हने सारा माल. त्याच्यातूनच औषध काढतात, अन् मंग आपल्यालेच देतात." खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून हुं करतं. पिठाच्या गिरणीवर पोचेपर्यंत ती कंपनी पुण्याहून अमेरिकेला गेलेली असते. एस.टी.च्या कंडक्टरला कंपनीशी काही घेणं नाही, त्याची काळजी वेगळी. धम्मशीलाताई पायरी चढताना दिसली की तो तिकिटाचं मशीन कानाला खाजवत म्हणतो, "ताई, डबा मांडीवर घ्या, शिटाखाली नोको. फुटला-गिटला तं आख्खी गाडी धुवा लागन मले."

आता खरं काय ते. धामणगाव बढ्याहून आत, रस्ता संपत आला असं वाटू लागतं तिथं आमचं गाव, आणि धम्मशीलाताई गावची आशा. म्हणजे बाळंतीण, लसी, ताप, जुलाब, गोळ्या, सगळ्यांसाठी सरकारने नेमलेली गावातलीच एक बाई. त्यातलंच एक काम खोकल्याचं. ज्याचा खोकला आठवडे उलटले तरी जात नाही, संध्याकाळी अंग गरम होतं, कमरेचा करगोटा सैल होत जातो, त्याच्या दारात ती जाते आणि रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची एक बाटली ठेवते. दुसऱ्या दिवशी भरलेली बाटली बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात बसवते आणि डबा मांडीवर घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेते. तिथं टीबीची तपासणी होते. विक्री म्हणाल तर एवढीच.

बाटली देताना ती जे बोलते ते गावातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. डोकं एका बाजूला कलतं, पापण्या अर्ध्या मिटतात आणि एका सुरात निघतं, "थुका नाई पाह्यजे दादा, बेडका पाह्यजे. थुका तोंडातला असते, बेडका छातीतला. सकाई उठल्याबरोबर, तोंड धुवाच्या आंधी, खालून खोकलून काढा." हे तिनं इतक्या दारांत म्हटलंय की आता म्हणावं लागत नाही, तोंड उघडलं की आपोआप सांडतं. एकदा भाजीवाल्यानं तिला काय पाहिजे विचारलं तेव्हा ती "थुका नाई पाह्यजे" म्हणून गेली. हसली नाही. मेथीची जुडी उचलली आणि चालू लागली.

इतकं सांगूनही लोक थुंकीच देतात. कोणी पाणी देतं. कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन लालभडक काहीतरी देतं, आणि वर म्हणतं, पाहा, रगत पडून राह्यलं. मग पुन्हा बाटली, पुन्हा तेच पालुपद, पुन्हा एस.टी. उन्हाळ्यात बर्फाचं वाटेतच पाणी होतं आणि साडी मांडीवर ओली होते. तिचे पाय संध्याकाळी असे सुजतात की चपलेचा पट्टा रुतून त्याची खूण सकाळपर्यंत राहते. नवरा प्रेमानंद खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये, आठवड्याला येतो. तो म्हणतो, सोड हे. ती म्हणते, सोडते. आणि सकाळी डबा धुते.

न सोडण्याचं कारण तिची मोठी बहीण. वर्षभर खोकत होती. तेव्हा बेडका दुर्बिणीखाली धरून डोळ्यांनी जंतू शोधायचे. दोनदा पाहिला, दोनदा काही नाही म्हणाले. तिसऱ्यांदा दिसले तेव्हा बाई पलंगावरून उठत नव्हती. धम्मशीलाताई हे कोणाला सांगत नाही. विचारलंच तर म्हणते, "गेली बिचारी," आणि विषय संपवते.

आता तालुक्याला मशीन आलंय. जेवणाच्या डब्याएवढं, बॅटरीवर चालतं, लाइट गेली तरी त्याला फरक पडत नाही. ते चालवतो अविनाश, सांगलीकडचा पोरगा. त्याचं बोलणं इस्त्री केलेलं. "ताई, बसा ना, दमलात," असं तो अशा गोडीनं म्हणतो की ताईला खरंच दमल्यासारखं वाटतं. त्यानं तिला सांगितलं होतं की बेडक्यात जंतू अगदी थोडे असले तरी हे मशीन त्यांच्यातली एक खूण पकडतं, तिच्या नकला काढत जातं, एकाच्या दोन, दोनाच्या चार, इतक्या की लपून राहणं अशक्य. तासाभरात हो की नाही कळतं, मुख्य गोळी लागू पडेल की नाही तेही. धम्मशीलाताईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे एक दाना पेरते अन् आख्खं वावर उभं करून दाखोते." अविनाशला वावर म्हणजे शेत हे माहीत नव्हतं. तरी त्यानं मान हलवली.

तर प्रतीक्षा. माणिकरावांची मुलगी, कॉलेज झालेलं, साखरखेर्ड्याच्या मुलाशी लग्न ठरलेलं, सुपारी फुटलेली. धम्मशीलाताईला तिचा खोकला नळावर ऐकू आला. कोरडा, दाबलेला, ओढणी तोंडावर धरून काढलेला. ताईचा कान अशा बाबतीत वाईट आहे, लग्नाच्या पंगतीत बसलं तरी तिला खोकलेच ऐकू येतात. नंतर आठवडे गेले, खोकला गेला नाही, आणि पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या.

ती माणिकरावांकडे गेली. चहा नेहमीप्रमाणे ओट्यावर मिळाला. माणिकराव मोठे शांत गृहस्थ, प्रत्येक वाक्याआधी "आता कसं हाय" म्हणणारे. म्हणाले, आता कसं हाय ताई, हवा पालटली, सगळं गावच खोकून राह्यलं. तुम्ही तो डबा घेऊन आमच्या ओट्यावर बसल्या, हे साखरखेर्ड्याले कळलं तर लगन मोडन. हवं तर अंधारात या. ताई म्हणाली, अंधारात कशाला, पिशवीत आणते. दुसऱ्या दिवशी ती मेथीच्या जुडीखाली बाटली घालून गेली, भाजी दिल्यासारखी पिशवी आत दिली, पालुपद दाराच्या फटीतून म्हटलं आणि परत आली.

सकाळी बाटली तुळशीमागे ठेवलेली होती. आणि काय बाटली. घट्ट, पिवळट, हवा तेवढा बेडका. इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदाच सांगितलं तसं केलं होतं. धम्मशीलाताईला इतकं बरं वाटलं की तिनं अविनाशजवळ कौतुक केलं, पोट्टी शिकलेली हाय ना, समजते तिले. अविनाशनं बाटलीवर प्रतीक्षाचं नाव लावलं.

दुपारी निकाल आला. टीबी. गोळी लागू पडेल, तेवढं एक बरं.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीला डोकं टेकून बसली. सांगायचं कसं याची तिला आता तालीम लागत नाही, फक्त कंटाळा येतो. लोकांच्या तोंडावरचा रंग उतरताना पाहण्याचा कंटाळा. संध्याकाळी माणिकरावांना तिनं बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. माणिकराव आधी हसले. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्यामागचं सगळं निघून गेलं. ते ओट्यावर बसले. आणि आतून, जणू बोलावल्यासारखा, तो आवाज आला.

हा आवाज गावात सगळ्यांना माहीत आहे. माणिकरावांची आई अन्नपूर्णाबाई रोज पहाटे अंगणात उभी राहून घसा साफ करते. आधी एक लांब घरघर, विहिरीवरचं जुनं इंजिन सुरू होताना करतं तशी. मग थांबा. मग तीन ठोके, आणि शेवटी असा दणका की गोठ्यातली म्हैस मान वळवते. गल्लीतले लोक त्यावर उठतात. म्हातारी किती ठणठणीत आहे याचा तो पुरावा समजला जातो. त्या वयात एवढा आवाज काढून दाखवा, असं माणसं पैज लावल्यासारखं बोलतात.

अन्नपूर्णाबाई दारात आली, पदर सावरला आणि म्हणाली, "ते बाटली माही होती."

मग सगळं बाहेर आलं. पोरीचा काही वाईट निकाल आला तर लग्न गेलं. पण बाटली दिली नाही तर ही धम्मशीला काही दार सोडायची नाही. म्हणून मायलेकांनी डोकं चालवलं. घरात सगळ्यांत ठणठणीत कोण, तर आजी. रोज सकाळी एवढं साफ होतं, एक दिवस अंगणाऐवजी बाटलीत. निकाल चांगला येईल, ताई गप्प बसेल, लग्न पार पडेल. माणिकराव हे सांगताना मध्येमध्ये "आता कसं हाय" म्हणत होते, पण पुढे कसं आहे ते काही सांगता येत नव्हतं.

धम्मशीलाताईला राग यायला हवा होता. तिनं शोधून पाहिलं, सापडला नाही. ती पायरीवर बसली, चप्पल काढली, पावलं चोळली.

"मशीनले नाव वाचता येत नाई, आजी," ती म्हणाली. "ज्याच्या छातीतलं त्याचंच सांगते ते."

माणिकरावांच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. म्हणजे पोरीला काही नाही, आजारी आई आहे. आईला औषध सुरू करू, कोणाला कळायचं कारण नाही, झालं. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊ, पोट्टीची छाती तं कोनी पाह्यलीच नाई अजून." ते म्हणाले, लग्नानंतर पाहू. तिकडेच पाहतील. ताई म्हणाली, लग्नानंतर उशीर होईल. ते म्हणाले, आता कसं हाय, आणि उठून गोठ्यात गेले.

ताईनं तालुक्याला फोन करून अविनाशला सांगितलं की नाव बदला, बाटली आजीची. तो म्हणाला, "ताई, असंही करतात लोक?" ताई म्हणाली, "करतात." तपासणी पुन्हा अन्नपूर्णाबाईच्या नावानं झाली आणि तोच निकाल आला.

आजीच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज ताईनं जायचं, गोळ्या गिळताना समोर बसायचं. अन्नपूर्णाबाई एकेक गोळी अशी गिळायची की जणू दगड गिळतेय, डोळे गरगर फिरवून, शेवटी जीभ बाहेर काढून दाखवायची, शाळेतल्या पोरासारखी. ताई दर वेळी विचारायची, प्रतीक्षा कुठं आहे. कधी मामाकडे असायची, कधी झोपलेली असायची. एकदा नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, मले समजते सारं. पन बाबाच्या पुढं कोन बोलन?" आणि घागर न भरताच गेली. बाहेर बोलायची ताईला सोय नव्हती. कोणाच्या घरात कोणता आजार, हे आशानं बोलायचं नसतं. महादेवरावांच्या दुकानात तेव्हाही थुंकीच्या कंपनीची गोष्ट चालू होती, आणि ती तिथून डबा घेऊन रोज जायची.

मग एका सकाळी गल्लीत बोंब उठली. अन्नपूर्णाबाई अंगणात उभी राहून ओरडत होती की आपल्या अंगातलं रक्त चाललं, लघवी लाल झाली, धम्मशीलेनं मारलं. शेजारच्या चार बायका कपाळाला हात लावून उभ्या. धम्मशीलाताई अर्धी वेणी हातात धरून धावत आली. ती गोळी घेतली की लघवी केशरी होते, हे सांगायचं ती विसरली होती. चूक तिचीच. तिनं ती सगळ्यांसमोर कबूल केली, आजीला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. बायका हसत हसत गेल्या आणि दुपारपर्यंत गावभर आजीच्या लघवीचा रंग कळला.

सगळे गेल्यावर अन्नपूर्णाबाई हळू म्हणाली, "शीला, हे एकाचं दुसऱ्याले लागते ना?"

"लागते. जोळ झोपलं, एका खोलीत राह्यलं की लागते."

प्रतीक्षा लहानपणापासून आजीच्याच कुशीत झोपायची, अजूनही. आजीनं तोंड भिंतीकडे केलं. ताई थोडा वेळ बसली, मग उठली. तिला अजून दोन घरं करायची होती.

त्यानंतर फोटोचं शिबिर आलं. छातीचा फोटो काढायचं नवं मशीन, हातात धरायचं. लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यासारखंच दिसतं, फक्त जरा जाड. पाठीमागे पाटी धरायची, श्वास ओढायचा, खटका, की समोरच्या लॅपटॉपवर बरगड्या. आणि कॉम्प्युटर स्वतःच पाहतो. जिथं त्याला शंका येते तिथं लाल रंग भरतो. अविनाश मशीन घेऊन आला, ग्रामपंचायतीच्या सभागृहात टेबल मांडलं. सकाळपासून धम्मशीलाताईनं दारोदार सांगितलं. कोणी आलं नाही. त्या कॅमेऱ्यात कपड्याच्या आतलं दिसते, ही बातमी तिच्या आधी दारोदार पोचली होती. पुरुष पारावर बसून सभागृहाकडे पाहत होते. अविनाश इस्त्रीच्या आवाजात म्हणाला, "ताई, थोडी वाट बघू." ताई खुर्चीवर बसली आणि बसल्याबसल्या तिचे डोळे मिटले.

कोणीतरी खांदा हलवला. समोर अन्नपूर्णाबाई उभी. नवी नऊवारी, कपाळाला कुंकवाचं बोट, आणि हातात प्रतीक्षाचं मनगट. बाजाररस्त्यानं, पारासमोरून, सगळ्यांच्या देखत ती नातीला ओढत आली होती. मागे माणिकराव, टोपी हातात, काही म्हणायला तोंड उघडून.

"आंधी माहा फोटो काढ रे पोरा," ती अविनाशला म्हणाली. "मंग हिचा. अन् काय दिसते ते मोठ्यानं सांग. माह्या पोराले कमी आयकू येते."

आजीच्या फोटोत वरचा भाग लालच लाल होता. प्रतीक्षाच्या फोटोत उजव्या खांद्याखाली एक लाल ठिपका. तुरीच्या दाण्याएवढा. अविनाश मोठ्यानं बोलला नाही. त्यानं नुसती बाटली पुढे केली.

सभागृहाच्या मागे, मोकळ्यावर, धम्मशीलाताई प्रतीक्षाजवळ उभी राहिली. पाठीवर हात थोपटत राहिली, पालुपद म्हणत राहिली, पण या वेळी एकेक शब्द वेगळा करून, सावकाश. पोरीला बेडका सुटत नव्हता. रडू येत होतं, तेच सुटत होतं. ताई म्हणाली, रड, रडल्यानं पण सुटते. शेवटी सुटला. थोडासाच. बेडक्याचं मशीनही अविनाशनं सोबतच आणलं होतं. तासाभरानं तो बाहेर आला.

"आहे. पण फार थोडे जंतू आहेत, ताई. दुर्बिणीखाली सापडलेच नसते."

धम्मशीलाताईनं मान हलवली. मग नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. पाणी वाया घालवू नका असं बाकीच्यांना सांगणारी बाई, नळ चालू ठेवून नुसती उभी.

त्या दिवशी नंतर बरेच लोक फोटोला आले. महादेवरावही आले. शर्ट काढू का, असं त्यांनी स्वतःहून विचारलं.

पोरीला त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. आता घरात दोघी समोरासमोर बसून गिळायच्या आणि एकमेकींना जिभा दाखवायच्या. माणिकराव ताईशी चार शब्द बोलू लागले, पण एक गोष्ट त्यांनी बजावली. साखरखेर्ड्याला यातलं काही जायला नको. गोळ्या चालू राहतील, लग्नाची तारीख काहीतरी निमित्त काढून पुढे ढकलू.

इथं हे लिहिणाऱ्याचा संबंध येतो, तो एवढाच. पारावर बसून यानं धम्मशीलाताईला सांगितलं होतं की म्हातारी गावात काहीही बोलेल, व्याह्यांसमोर चूप बसेल, लावा पैज. ताई म्हणाली, पैज लावायला पण अंगात जोर लागतो. मग चार पावलं गेली आणि वळली.

"बरं, लाव. हारलास तं माह्या घरी येऊन भाकरी थापशीन. मी नुसती बसन."

"सांगन म्हनता ते म्हातारी?"

"ज्या बाईले लघवीचा रंग गल्लीभर सांगता येते, तिले हे बी सांगता येईन."

दोन आठवडी बाजार उलटले. एका सकाळी अन्नपूर्णाबाई कोणाला न सांगता एस.टी.त बसली, नऊवारी तीच, आणि थेट साखरखेर्ड्याला उतरली. तिथं काय झालं ते गावाला तिच्याच तोंडून कळलं, परत येताना ती स्टॉपवरच सांगू लागली होती. मुलाच्या आईनं पाट टाकला, पाणी आणलं. अन्नपूर्णाबाईनं पाणी घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाली, "आमच्या पोरीच्या छातीत टीबी हाय. माह्यापासून लागला. औषध चालू हाय, पुरं झालं की बरी होते. थांबता का ते आताच सांगा, मले परतीची गाडी धरा लागते."

मुलाची आई आत गेली, नवऱ्याशी बोलली, बाहेर आली. म्हणाली, औषध पुरं होऊ द्या, मंग पाहू. याचा अर्थ हो की नाही यावर गावात अजून दोन तट आहेत. माणिकराव कोणत्याच तटात नाहीत. मुलाचा मात्र प्रतीक्षाला रोज फोन येतो, आज गोळी घेतली का म्हणून, आणि ती चिडून हो म्हणते.

पैज हरलेला संध्याकाळी ताईच्या घरी गेला. पीठ सैल झालं, पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी गोल होती असं म्हणायला जागा नव्हती. धम्मशीलाताई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. पाणी कमी घाल, कडा दाब, एवढं सांगत होती. तिसरी तव्यावर पडली तेव्हा सांगणं थांबलं. वळून पाहिलं तर मान छातीवर आली होती, तोंड थोडं उघडं, दुसऱ्या भाकरीचा तुकडा हातात तसाच. तिला उठवलं नाही. भाकऱ्या झाकून ठेवल्या, चूल विझवली, आणि दार हळूच ओढून घेतलं.